कुळाच्या वतीने

लुबुक कुनिक,
९ फेब्रुवारी

मामा, सलाम.

हे पत्र बसचा ड्रायव्हर इद्रुस तुमच्या दुकानावर आणून देईल. सोबत मुर्नी मावशीने केलेलं मांसाचं रेंदांग आहे. आधी ते खा, मग पत्र वाचा. उलट केलंत तर घास गोड लागणार नाही, आधीच सांगून ठेवते.

फोन का नाही केला, म्हणाल. केला की! दर वेळी तुम्ही ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवून दिलात. आणि घराच्या ग्रुपवर लिहावं, तर तासाभरात जाकार्तापासून मलाक्कापर्यंत झाडून सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर जाऊन पडतं. त्यापेक्षा इद्रुसची बस बरी. तो वाटेत फक्त झोपतो, वाचत नाही.

तर मुद्द्याचं बोलते. परवा वालीसाहेबांनी, नगरीचे प्रमुख म्हणून, कचेरीत आम्हाला करार दाखवला. ‘एक नगरी, एक अ‍ॅप.’ प्रत्येकाचा चेहरा, घर, शेत, कुटुंब-कार्ड, कोण मदतीचे तांदूळ उचलतो, कोण पुलावरून कधी गेला, सगळं त्यात. पुलावर आणि मशिदीच्या फाटकाशी कॅमेरे. आणि हे सगळं साठवायचं जाकार्त्याला, तुमच्या त्या हर्सोनोसाहेबांच्या कंपनीत. मी विचारलं, लोकांची परवानगी? वालीसाहेबांनी पान उलटून दाखवलं. सात कुळांचे सात दातुक, सात सह्या. आमच्या कुळापुढे तुमची सही, तीही फोनवरून केलेली. झाला नगरीचा होकार!

मामा, मला कुणी विचारलं नाही. मुर्नी मावशीला नाही. पाळण्यातल्या पोराचा चेहरासुद्धा तुम्ही देऊन मोकळे झालात.

ईदला सगळे बाहेरगावचे घरी आले की चौथ्या दिवशी सभाघरात तुमच्याच हस्ते उद्घाटन आहे म्हणे. त्याच्या आत तुमची सही मागे घ्या. एवढंच मागणं आहे.

आणि हो, आम्ही काही जणांनी मिळून काम हाती घेतलंय. मी, माझ्या शाळेतले दोन शिक्षक, टपरीवाला कातिक, आणखी काही जण. फोन-कॉम्प्युटरवर माणसाचे हक्क काय, आणि असली यंत्रं गावात आणणाऱ्याने कसं वागायचं, हे गावानेच बसून ठरवावं, असं आमचं म्हणणं. पगार नाही, पद नाही. पाच कार्यगट केलेत. पहिली सभा येत्या गुरुवारी.

तुमची भाची,
नेली

*

तानाह आबांग, जाकार्ता
१६ फेब्रुवारी

नेली पोरी,

रेंदांग आधी खाल्लं. बरं झालं. पत्र आधी वाचलं असतं तर डबा तसाच परत पाठवला असता.

अगं, मी कोण आहे? रस्त्यावरचा फेरीवाला? मी या कुळाचा दातुक आहे. शेताचा वाद असो, लग्न असो, दोन घरांतलं भांडण असो, सभाघरात कुळाच्या वतीने मी बोलतो. आपल्यात हेच चालत आलंय. तुला पदांगला कॉम्प्युटर शिकायला पाठवायचं की नाही, यावर घरात दोन तट पडले होते. ‘पाठवा’ हा शब्द कुणाचा होता? तेव्हा नाही कुणी म्हणालं, घरोघर जाऊन विचारून या!

हर्सोनोसाहेबांना मी वीस वर्षं ओळखतो. जावानीज असून आपल्या माणसांसाठी किती करतात! मी अध्यक्ष असलेल्या इथल्या आपल्या गावकऱ्यांच्या संघटनेला दर ईदला घरी जायला बसगाड्या कोण देतो? त्या माणसाने आपण होऊन म्हटलं, दातुक, तुमच्या नगरीला काही द्यायचंय. मी म्हटलं, द्या. कॅमेरे आले तर चोर पळतील, अ‍ॅप आलं तर कचेरीतले हेलपाटे वाचतील. यात तुझ्या पोटात का दुखतंय?

आणि तुझी सभा! मला सगळं कळतं इथे बसून. पाच गट केलेस, शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यास. खुर्च्या पुष्कळ आल्या होत्या म्हणे. माणसं जरा कमी पडली.

सही राहील. तू शाळा सांभाळ.

तुझा मामा,
जासरिल, दातुक पांडुको सिन्दो

ता. क. मुर्नीला सांग, रेंदांगात मिरची कमी होती. माणूस म्हातारा झाला म्हणून जीभ म्हातारी होत नाही.

*

लुबुक कुनिक,
२३ फेब्रुवारी

मामा, सलाम.

खुर्च्यांची बातमी कातिकनेच दिली ना तुम्हाला? मी त्याला धरलाच. म्हणतो, ‘दातुकनी विचारलं, मी काय खोटं बोलू?’ असो. खरं आहे ते. हॉल रिकामा होता. जे आले ते पुरुष, त्यांनी दोन तास एकमेकांची उणीदुणी काढली, चहा प्यायले, आणि ‘फार चांगली सभा झाली’ म्हणून घरी गेले. पाच गटांत मिळून एक माणूस काम करायला उरला, तो म्हणजे मी.

घरी येऊन मी भांडी आपटत होते. मुर्नी मावशी म्हणाली, ‘बोलावलंस कसं?’ मी म्हटलं, सुंदर चित्र केलं, फोनवर सगळ्यांना पाठवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘पान नाही नेलंस? पान न नेता बोलावलंस आणि बायका आल्या नाहीत म्हणून रडतेस? बारशाला तरी कोण येतं गं असं?’

मामा, मी खरंच कपाळावर हात मारला. लोकांच्या संमतीसाठी भांडायला निघालेली मी, आणि त्यांना बोलावताना फोनवरून फेकलं!

दुसऱ्या दिवसापासून मावशी आणि मी पानाची थैली घेऊन दारोदार जातोय. बसतो, पान देतो, मग करार वाचून दाखवतो. ज्या बाया हॉलकडे फिरकल्या नव्हत्या त्या आता प्रश्नांनी माझा जीव खातायत. फितूर कातिकला शिक्षा म्हणून त्याच्या टपरीत डॉमिनोच्या आधी अर्धा तास वाचन सुरू केलंय. पाच गट मोडले. तीनच ठेवले. एक वाचणारा, म्हणजे करार आणि अ‍ॅप दोन्ही तपासणारा. एक विचारणारा, घरोघर जाणारा. आणि एक लिहिणारा, नगरीचा स्वतःचा नियम तयार करणारा. ज्याला काम नको त्याने खुशाल टपरीत बसून आम्हाला नावं ठेवावीत, तीही एक सेवाच आहे.

आता तुमच्या मुद्द्याचं. दातुक कुळाच्या वतीने बोलतो, मान्य. मी कुठे नाही म्हणते? पण आपल्यात दातुक आधी कुळाला बसवतो, सगळ्यांचं ऐकतो आणि जे ठरेल ते सभाघरात नेतो. मला पदांगला पाठवायच्या वेळी तुम्ही सगळ्यांना बसवलं होतं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. या वेळी तुम्ही कुणाबरोबर बसलात? हर्सोनोंबरोबर, जाकार्त्यात!

वाचणाऱ्या गटाला करारात एक गोष्ट सापडलीय. कुटुंबप्रमुखाला आपल्या फोनवर कार्डातल्या प्रत्येकाचं सगळं दिसणार. कोण कुठल्या घरात राहतं, तांदूळ कुठे उचलले, पुलावर चेहरा कधी दिसला, सगळं. आणि जाकार्त्याच्या कागदात कुटुंबप्रमुख म्हणजे नवरा. आपल्याकडे घर बाईचं, नवरा तिथे येऊन राहणारा, आणि अ‍ॅपच्या किल्ल्या मात्र त्याच्या हातात. हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं का कुणी?

नेली

*

तानाह आबांग,
५ मार्च

नेली,

रोजे सुरू आहेत, म्हणून हे पत्र उपास सोडल्यावर लिहितोय. पोट भरलेलं असताना राग जरा आवरतो.

तू मला ‘बसला नाहीत’ म्हणालीस. माझ्या तोंडावर असं बोलायची आजवर कुणाची हिंमत झाली नाही. तुझी आई असती तर तिने तुझा कान धरला असता, नाही तर माझा. तिचा काही भरवसा नव्हता.

पण मला आता वेगळाच वास येतोय. तुला वालीच्या निवडणुकीला उभं राहायचंय का? असेल तर सरळ सांग, मी पाठीशी उभा राहतो. त्यासाठी माझ्या फेट्याला हात घालायची गरज नाही. इथे संघटनेच्या बैठकीत लोक मला हसत विचारतात, ‘दातुक, भाची काय म्हणते?’ मी काय सांगू त्यांना?

आणि मुर्नीला कशाला नादी लावलंस? या वयात पान वाटत हिंडते. तिने लेकीकडे लक्ष द्यावं. परवा तिच्या जावयाचा, आफ्रिझालचा फोन होता, पेकानबारूहून. देस्मी कुठेय म्हणून विचारत होता. थोडी रुसवाफुगवी झालीय म्हणे, फोन उचलत नाही. मला काय ठाऊक? मी म्हटलं, असेल एखाद्या मैत्रिणीकडे. भला माणूस आहे, किती काळजीने विचारत होता! मी त्याला धीर दिला. म्हटलं, ईदच्या चौथ्या दिवशी आमचं अ‍ॅप सुरू होतंय, तुझं कुटुंब-कार्ड आहेच, ती गावाकडे आली असेल तर तुला घरबसल्या दिसेल. फार खूश झाला. कसं घ्यायचं, कुठे नाव घालायचं, सगळं विचारून घेतलं.

बघ, लोकांना उपयोग कळतो. तुलाच कळत नाही.

मामा

*

लुबुक कुनिक,
९ मार्च

मामा,

हे पत्र एकट्याने वाचा. वाचून झालं की फाडा.

तुमचं पत्र आलं तेव्हा देस्मी माझ्यासमोर बसून मसाला वाटत होती. ती इथेच आहे. डिसेंबरपासून. आली तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता आणि बोलताना ओठ उघडत नव्हता. आफ्रिझाल भला माणूस आहे, बरोबर. दारं-खिडक्या लावून घेतल्यावर मात्र नसतो.

तुम्हाला का नाही सांगितलं? कारण ते स्थळ तुम्ही आणलं होतं. मावशी म्हणाली, ‘त्यांना कळलं तर ते स्वतःला खाऊन टाकतील, नाही तर देस्मीला परत पाठवतील.’ दोन्हींतलं काय होईल ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्या गप्प बसल्या. मीही बसले. माझ्या पत्रांत तुम्हाला जो कडवटपणा दिसला असेल त्याच्यामागे हे होतं. निवडणूक नव्हती.

आज सकाळी मी तिला विचारलं, मामांना सांगू का? तिने पाटा धुतला, हात पुसले. मग म्हणाली, ‘सांग. पण कीव करू नका म्हणावं.’ तिने हो म्हटलं म्हणून लिहितेय. नाही म्हणाली असती तर हे पत्र निघालं नसतं.

आता तुम्हीच बघा. पुलाशिवाय गावात यायची वाट नाही. तांदळाची दुकानं पुलापलीकडे. कॅमेरा लागला की पहिल्या दिवशी देस्मीचा चेहरा तिच्या नवऱ्याच्या फोनवर. आणि ते कसं बघायचं, हे त्याला तिच्याच मामाने शिकवलंय.

तुम्ही म्हणाल, देस्मीचं नाव वगळायला सांगतो हर्सोनोंना. मामा, कृपा करून ते करू नका. एक तर वगळलेलं नाव सगळ्यात आधी उठून दिसतं. दुसरं म्हणजे, देस्मी आपल्या घरात आहे म्हणून आपल्याला कळलं. बाकीच्या घरांत काय झाकलेलं आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही, त्या सात दातुकांपैकी कुणालाच नाही. ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून ज्याला त्याला विचारायचं. पहिल्या पत्रापासून मी हेच सांगतेय, पण मला नीट सांगता आलं नाही.

चौथ्या दिवसाच्या आत, मामा. त्यानंतर उपयोग नाही.

नेली

*

तानाह आबांग,
१५ मार्च

नेली,

फाडलं.

दुकान बंद करून बसलो होतो. शेजारचा म्हणाला, दातुक, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, उपास लागलाय.

हर्सोनोसाहेबांना फोन केला. कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, घरच्या माणसाचं सगळं कुटुंबप्रमुखाला दिसतं, ते बंद करता येईल का? ते हसले. ‘अहो दातुक, घरच्या माणसापासून घरच्यांनी काय लपवायचं? तेच तर लोकांना आवडतंय!’ मग म्हणाले, चौथ्या दिवशी टीव्हीवाले येणार आहेत, तुम्ही जरीचा फेटा बांधा.

आफ्रिझालला फोन केला नाही. हात शिवशिवत होते. पण मी काही बोललो असतो तर ती कुठे आहे हे त्याला माझ्या आवाजावरूनच कळलं असतं. म्हणून गप्प बसलो. मला गप्प बसणं किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

देस्मीला सांग, कीव नाही करत. मला माझीच लाज वाटतेय, तिची नाही.

पण नेली, तुला मी आज ‘सही मागे घेतली’ असं लिहून देणार नाही. परत जाकार्त्यात बसून एकट्याने ठरवलं, तर आधी जे केलं तेच पुन्हा होईल. मी ईदच्या आदल्या दिवशी पोचतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मोठ्या घरात कुळाला बसव. पान नेऊन बोलव, फोनवरून नको. तिथे जे ठरेल ते मी सभाघरात बोलेन. माझ्या पदरचा शब्द घालणार नाही.

कुळाने हो म्हटलं तर मला हो म्हणावं लागेल. हेही समजून अस.

मामा

*

लुबुक कुनिक,
२१ मार्च

मामा, सलाम.

समजलं. तुमची ती शेवटची ओळ वाचून मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मी आणि देस्मीने ती दोन-दोनदा वाचली. देस्मी म्हणाली, ‘बरोबरच आहे त्यांचं.’ मला ते म्हणायला संध्याकाळ व्हावी लागली.

पान सगळीकडे पोचतंय. विचारणाऱ्या गटात आता मावशीसारख्या बऱ्याच जणी आहेत. मी त्यांना एकच सांगितलंय: कुणाचं मन वळवायचं नाही. करारात काय आहे ते सांगायचं, प्रश्न असतील तर उत्तरं द्यायची आणि उठायचं. मावशीला हे फार अवघड जातंय. परवा एका घरी ‘मी काही सांगत नाही हं, पण हो म्हणालात तर वेड्या आहात’ असं म्हणून आली. तिला पुन्हा शिकवलं.

बैठकीचे नियम लिहिणाऱ्या गटाने ठरवलेत. आधी लहान बोलणार, मग मोठे. बायका पुढे बसणार. घरजावयांनाही बोलू द्यायचं, कारण चेहरा त्यांनाही आहे. आणि दातुक सगळ्यांच्या शेवटी.

तुम्ही आणि सगळ्यांच्या शेवटी! बघायला अख्खी नगरी लोटेल.

या.

नेली

*

लुबुक कुनिक,
१३ एप्रिल

मामा, सलाम.

सभाघरातून तुम्ही तडक बसथांब्यावर गेलात. घरी जेवायलाही थांबला नाहीत. मावशीने बांबूत भात शिजवून लामांग केलं होतं, ते शेवटी कातिकच्या टपरीने फस्त केलं. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून मागे काय झालं ते लिहिते, आणि बायकांच्या बाजूने काय दिसलं तेही.

आधी आपल्या घरची बैठक. तुम्ही खांबाला टेकून बसला होतात आणि तुमचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण सुरुवात माझ्या मनासारखी झाली नव्हती. रोस्ना आजीने कॅमेरा हवाच म्हणून सांगितलं, तिची बदकं चोरीला गेलीत. दोन पोरांना अ‍ॅप हवं होतं. त्यातला शेतांचा नकाशा तर जवळजवळ सगळ्यांनाच हवा होता. मला वाटलं, गेलं सगळं.

मग देस्मी पाणी देता देता खाली बसली. तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, ‘मी कुठे आहे हे कुणाला सांगायचं, ते मला ठरवू द्या.’ बस, तेवढंच. आणि मामा, मला जे वाटलं नव्हतं ते झालं. ओळीने तीन घरांतल्या बायका म्हणाल्या, मलाही. का, ते कुणी विचारलं नाही. रोस्ना आजीने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘बदकांचं मी बघून घेईन.’

हे तुम्ही ऐकलंत. पण सभाघरात तुम्ही उभे राहिलात तेव्हाचं तुम्हाला दिसलं नसणार, तुम्ही खाली बघत होतात. पुढे हर्सोनो, टीव्हीवाले, फीत, कात्री. तुम्ही म्हणालात, ‘मी कुळाला बसवण्याआधी बोललो. तो शब्द कुळाचा नव्हता, माझा एकट्याचा होता. तो मी मागे घेतो. माझं कुळ नकाशाला हो म्हणतं. चेहऱ्याला, कॅमेऱ्याला आणि नवऱ्याच्या फोनला नाही म्हणतं. आणि नकाशालासुद्धा ज्याचं त्याने हो म्हणायचं.’ मागे बायकांच्या बाजूला मुर्नी मावशीने माझा हात असा धरला होता की अजून वळ आहे. मला रडू फुटलं. दातुकने भर सभाघरात शब्द मागे घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. तुम्हाला ती मानहानी वाटली असेल. आम्हाला तुमचा अभिमान वाटला. हे तोंडावर सांगायचं होतं, तुम्ही थांबला नाहीत.

तुम्ही निघालात. मग वरच्या वाडीचे दातुक उठले आणि म्हणाले, आम्हीही बसलो नव्हतो, आमचाही शब्द थांबवा. त्यांच्यामागे आणखी दोघे. सातांचं एकमत राहिलं नाही, त्यामुळे फीत कापलीच गेली नाही. हर्सोनो कात्री ठेवून निघून गेले. वालीसाहेब माझ्यावर डाफरले, ‘आता नगरीची नोंद कोण करणार? तुम्ही?’ मी म्हटलं, हो, आम्ही. तोंडातून निघून गेलं. पण गेलं ते गेलं. आता तिन्ही गटांना वर्षभर उसंत नाही. नकाशा इथल्याच शाळेतल्या कॉम्प्युटरवर राहील, कुणाला काय दिसेल ते लिहिणाऱ्या गटाच्या नियमाप्रमाणे, आणि नाव काढायला सांगितलं की त्याच दिवशी काढायचं.

आता तुमच्यासाठी काम. तुम्ही सही केलीत ती जाकार्त्यातल्या आपल्या माणसांच्या वतीनेही होती. त्यांची शेतं इथे आहेत. त्यांना विचारायला माझ्याकडे तिथे कुणी नाही. तुम्हाला विचारणाऱ्या गटात घेतलंय. नियम तेच: पान न्यायचं, बसायचं, विचारायचं. भाषण नाही. आणि ‘मामा म्हणतील ते’ हे उत्तर धरायचं नाही.

नेली

*

तानाह आबांग,
२७ एप्रिल

नेली पोरी,

न विचारता गटात घेतलंस. चालू दे तुझं!

संघटनेचं अध्यक्षपद गेलं. पुढच्या ईदला बसगाड्या मिळणार नाहीत, म्हणून लोक चिडलेत. चार दिवस मला कुणी चहाला बोलावलं नाही. वाईट वाटलं, वाटणारच. मग मुर्नीने पाठवलेली पानं सुकायला लागली, म्हणून उठलो.

कापडबाजारात वरच्या मजल्यावरून सुरुवात केली. जो तो म्हणे, ‘मामा म्हणतील ते.’ तुझा नियम नसता तर मी एका दुपारीत काम उरकून परत आलो असतो, सगळे हो! मी म्हटलं, नाही बाबा, मला तसं लिहायची बंदी आहे, तुझं सांग. माणसं गडबडून जातात गं. एकाने तर मला पाणी दिलं, त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. पण मग बोलायला लागतात. आणि मी ऐकतोय! नमाजाचे कपडे विकणारी माझी मावस बहीण रोस्मानिस आहे ना, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘नाही.’ मी तोंड उघडलं, तुझा नियम आठवला, मिटलं. तिच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं. ती म्हणाली, वाचून दाखव. दाखवलं. म्हणाली, आता चहा घे.

हे सगळं हसून लिहितोय, पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने. काल आफ्रिझाल दुकानात आला होता. पेकानबारूहून थेट. चांगले कपडे, हातात फळं. म्हणाला, ‘मामा, अ‍ॅप सुरूच झालं नाही. देस्मी कुठे आहे? तुम्ही दातुक आहात, तुम्ही बोललात म्हणजे कुळ बोललं. तिला पाठवून द्या, मी घेऊन जातो.’ मी त्याला बसायला सांगितलं नाही. फळं त्याच्या हातातच राहू दिली. म्हटलं, तिच्या वतीने मी काही बोलणार नाही. तिला विचारतो. ती जे सांगेल ते तुला जसंच्या तसं कळवतो, आणि ती काहीच बोलली नाही तर तेही उत्तरच समज. त्याने आवाज चढवला. अख्खा मजला बाहेर आला, रोस्मानिस कापड मोजायचा गज घेऊन. गेला.

तर हे देस्मीला वाचून दाखव. तिने मला काय सांगायचं ते सांगावं, किंवा सांगू नये. मी दुकानातच आहे.

मामा

*

२ मे

मामा,

नेलीने वाचून दाखवलं. उत्तर मीच लिहिते म्हटलं.

त्याला सांगा, मी येणार नाही. कुठे आहे ते सांगू नका. तलाकचे कागद मी स्वतः करतेय, कोर्टात तुम्ही माझ्या शेजारी बसलात तर मला बरं वाटेल. बोलायचं मात्र मी.

याल का? विचारतेय. नाही म्हणालात तरी चालेल.

देस्मी